गोव्यात टर्बो गाडीसाठी टिकाऊ एक्झॉस्ट: पाइप निवडण्यापासून पहिल्या पावसापर्यंत

माझ्या गाडीला करून घेतलेला पहिला एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर मागे नेणारी नळी आणि सायलेन्सर) दुसरा पावसाळा संपायच्या आत गेला. गाडी १.४ लिटरची टर्बो पेट्रोल सेदान (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा). मूळ सायलेन्सर कुजला होता, नवा मिळेना, म्हणून एका दुकानात ‘स्टेनलेस’चा बनवून घेतला. गणेश चवथीच्या आठवड्यात डिचोलीहून म्हापशाला जाताना गाडीखालून फटफट आवाज सुरू झाला. जॅकवर घेतली तर पाइप इतर सगळीकडे धडधाकट. फक्त वेल्डिंगच्या रेषेला लागून गोलाकार कापल्यासारखा सुटलेला. तो तुकडा ग्राइंडरने उभा चिरला. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जोडाच्या आत काळे, खडबडीत दाणे होते, करपलेल्या साखरेसारखे. नखाने खरवडलं तरी भुगा पडत होता.

दुसऱ्या खेपेला विचारून, शिकून, वेळ देऊन काम केलं. तो एक्झॉस्ट चार पावसाळे काढून आजही घट्ट आहे. नव्याने या कामात पडणाऱ्यांना माझ्यासारखे दोनदा पैसे घालावे लागू नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे एक्झॉस्ट बाहेरून कमी आणि आतून जास्त कुजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या प्रवासात पाइप तापलेला असतो, वाफ बाहेर निघून जाते. पण घर ते बाजार अशा चार किलोमीटरच्या फेरीत मागचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन आतच साचतं, आणि ते पाणी आम्लधर्मी असतं. त्यात बाहेरून खारी हवा, चार महिने पाऊस, रस्त्यावरचा तांबडा चिखल. टर्बोमुळे पुढच्या टोकाला उष्णता प्रचंड. पेट्रोल इंजिनात पूर्ण जोर लावला की टर्बोच्या तोंडाशी वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातात. म्हणजे एकच नळी पुढे भट्टीत आणि मागे पाण्यात. त्यामुळे पैसे जोडांवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला. आवाज मोठा करण्यावर घालू नका.

पायरी १: काय बदलायचं आणि काय नाही, हे आधी ठरवा

मूळ सायलेन्सर मिळत असेल तर तोच बसवा. हे मी मनापासून सांगतो. बनवून घेण्याची वेळ येते ती सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा, किंवा गाडी सर्किटवर न्यायची असते तेव्हा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० (२) वेगळं: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स बाळगायला अपात्र.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी माझी मर्यादा अशी: टर्बो, डाउनपाइप (टर्बोला लागून खाली उतरणारी नळी), कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर जिथल्या तिथे. काम कॅटकॉनच्या मागच्या फ्लॅंजपासून (बोल्टने जोडायच्या चकतीपासून) सुरू करायचं, आणि आवाज मूळ गाडीपेक्षा वाढू द्यायचा नाही. कॅटकॉन काढून ‘सरळ नळी’ टाकून देणारे भेटतील, चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून सेन्सरखाली स्पेसर घालून देणारेही भेटतील. दोन्हींना नाही म्हणा. तो धूर आपलीच पोरं श्वासात घेतात. काम सुरू करण्याआधी आरटीओत एकदा आणि विमा कंपनीकडे एकदा विचारा. विम्याच्या बाबतीत लेखी उत्तर घ्या, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

पायरी २: कागद आणि सामान जमवा

कागद: आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पाइपाचं बिल (त्यावर ग्रेड लिहिलेला हवा), शक्य असेल तर पाइपाचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूत काय किती आहे याचा कारखान्याचा दाखला), आणि जुना एक्झॉस्ट काढण्याआधी गाडीखालून काढलेले फोटो. फोटो भरपूर काढा. कुठला हॅंगर (पाइप टांगायचा आकडा) कुठे होता, उष्णतेचा पत्रा कुठे होता, हे दोन दिवसांनी आठवत नाही.

सामान: स्टेनलेस पाइप आणि तयार वळणं, एक फ्लेक्स (नळीचा लवचीक तुकडा), दोन व्ही-बॅंड क्लॅम्प (दोन नळ्या जोडून धरणारे, सोडता येणारे पट्टे), पुढच्या फ्लॅंजचं नवीन पॅकिंग, १० मिमीचे हॅंगर रॉड, नवीन सायलेन्सर रबर, सायलेन्सर, निकेलयुक्त अँटी-सीझ पेस्ट (बोल्टचे आटे अडकू नयेत म्हणून लावायची), अ‍ॅसिटोन, फक्त स्टेनलेससाठी राखून ठेवलेला नवीन वायर ब्रश आणि नवीन कटिंग व्हील.

पायरी ३: धातू ओळखा (इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते)

दुकानात ‘एसएस’ म्हणून मिळणारा चकचकीत पाइप बहुतेक वेळा जिन्याच्या रेलिंगचा असतो, म्हणजे २०२ ग्रेड. त्यात निकेल कमी करून त्या जागी मॅंगनीज घातलेलं असतं. घरातल्या रेलिंगला तो ठीक, पण उष्णता, आम्लाचं पाणी आणि मीठ यांच्यापुढे टिकत नाही. माझा पहिला एक्झॉस्ट याचाच होता.

‘लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगेल. चुंबक २०२ लाही चिकटत नाही. उलट ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो आणि अनेक गाड्यांचे मूळ एक्झॉस्ट त्याचेच असतात. तेव्हा चुंबकाने काहीच ठरत नाही. स्टेनलेसच्या व्यापाऱ्यांकडे मॅंगनीज तपासायचं द्रव मिळतं, सोबत ९ व्होल्टची बॅटरी. पाइपाच्या घासलेल्या जागेवर एक थेंब टाकायचा, तारा लावायच्या. २०२ असेल तर थेंब काही सेकंदांत लालबुंद होतो. ३०४ वर तसा रंग चढत नाही. मी पहिल्या पाइपाच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहिलं, तर कुंकवासारखा रंग आला. ही चाचणी प्रत्येक नळीवर करा, गठ्ठ्यातल्या एकाच नळीवर नको.

काय घ्यायचं? ३०४एल. यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. हा ‘एल’ महत्त्वाचा. वेल्डिंगच्या उष्णतेत कार्बन क्रोमियमला धरून ठेवतो, जोडाच्या कडेला क्रोमियम कमी पडतं आणि गंज बरोबर तिथून सुरू होतो. कार्बनच कमी असला की हा धोका टळतो. समुद्राच्या अगदी जवळ, मोरजी-कळंगूटच्या बाजूला गाडी उघड्यावर राहत असेल, तर मागच्या भागासाठी ३१६एलचा विचार करा; त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाच्या खड्ड्यांपासून वाचवतं. पैसे जास्त जातात, पण किनाऱ्यावर ते वसूल होतात. मूळ डाउनपाइपलाच तडा गेला असेल आणि तो बनवायची वेळ आली, तर तिथे टायटॅनियमयुक्त ३२१ उत्तम. तो नाहीच मिळाला तर २ मिमी जाडीचा ३०४एल.

जाडी १.५ मिमी ठेवा. १.२ हलका पडतो, पण आपल्या गतिरोधकांवर एकदा घासला की चेपतो. आणि पाण्याचा जीआय पाइप कोणी सुचवला तर तिथून निघा. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंग करताना जळतो आणि तो धूर वेल्डरला तापाने पाडतो.

पायरी ४: व्यास आणि वळणं

‘इंजिनाला बॅकप्रेशर (मागे कोंडलेला दाब) लागतं’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येईल. टर्बोच्या मागे ते अजिबात लागत नाही. टर्बोतलं टर्बाइन, म्हणजे वायूंनी फिरणारं चाक, फिरतं ते त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागे कोंडलं की फरक कमी, टर्बो उशिरा जागा होतो.

म्हणून ३ इंची नळीच घ्यायची असंही नाही. साधारण हिशोब असा: ११० ते १५० अश्वशक्तीला २ ते सव्वादोन इंच, २५० पर्यंत अडीच इंच, ३०० च्या पुढे ३ इंच. माझ्या गाडीला मी ५७ मिमी, म्हणजे सव्वादोन इंच घेतली. ७६ मिमीचं क्षेत्रफळ त्याच्या पावणेदोन पट होतं. एवढ्या जागेची माझ्या इंजिनाला गरज नाही, आणि ती मोठी नळी मागच्या अ‍ॅक्सलवरून नेताना जमिनीपासूनची उंची खाते.

वळणं मॅंड्रेल बेंडचीच (नळीत आतून आधार देऊन वाकवलेली) घ्या. साध्या प्रेसवर वाकवलेली नळी वळणावर चपटी होते, म्हणजे व्यास मोजून घेतलेला फायदा तिथेच जातो. मला ती वळणं पुण्याहून मागवावी लागली: ४५ आणि ९० अंशांची, नळीच्या दीडपट त्रिज्येची. दोन जास्तच मागवा. एखादं चुकीचं कापलं जातंच.

पायरी ५: वेल्डर शोधा, सायलेन्सरवाला नव्हे

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे वेर्ण्याला, कुंडईला औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या स्टेनलेस नळ्यांतून औषधाचं शुद्ध पाणी वाहतं, त्यामुळे जोड आतूनही गुळगुळीत लागतो. हे काम करणारे फॅब्रिकेटर रोज पातळ नळीवर आर्गॉन वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात केलेलं) करतात. तोच हात आपल्याला हवा. गाड्यांचं काम त्यांनी केलेलं नसेल, हरकत नाही.

भेटल्यावर एकच प्रश्न विचारा: “दादा, आतून पर्जिंग करणार ना?” म्हणजे जोडताना नळीच्या आतही आर्गॉन भरायचा, दोन्ही टोकं बंद करून, एका बाजूला बारीक भोक ठेवून. आत हवा राहिली तर तापलेला धातू आतून जळतो आणि तीच काळी साखर तयार होते. प्रश्न ऐकून वेल्डर गोंधळला, किंवा “गाडीच्या पाइपाला कशाला?” म्हणाला, तर दुसरा शोधा. मला तिसऱ्या ठिकाणी माणूस मिळाला. त्याने उत्तर न देता एक जोडलेली नळी हातात दिली आणि म्हणाला, “आतून बोट फिरवून बघ बाब.” बोटाला शिवण जेमतेम लागली.

कारागिराशी वेळ एप्रिल-मेमध्ये ठरवा. जूनपासून दमटपणा, आणि चवथीच्या आसपास बरेच जण सुट्टीवर असतात. मजुरीला पाइपाइतकेच पैसे बाजूला ठेवा आणि त्यात घासाघीस करू नका.

पायरी ६: गाडीखाली मांडणी

गाडी लिफ्टवर हवी, पण चाकांवर उभी राहील अशा लिफ्टवर. चाकं लोंबकळत असली की मागचा अ‍ॅक्सल खाली जातो आणि सगळी मापं चुकतात. नळी बसवून झाली की मागच्या सीटवर तीन माणसं बसवून, डिकीत वजन ठेवून पुन्हा बघा.

अंतरं अशी ठेवा: बॉडीपासून किमान २५ मिमी, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे रबरी होज आणि सीव्ही बूटपासून (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरच्या रबरी आवरणापासून) किमान ५० मिमी आणि मध्ये मूळचा उष्णतेचा पत्रा. तो पत्रा काढून टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता प्रसरण. ३०४ ची एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली की सुमारे ९ मिमी लांबते. पूर्ण एक्झॉस्ट तीन मीटरच्या आसपास. ती लांबी कुठेतरी जायला हवी, नाहीतर जोड ओढले जातात. म्हणून तीन गोष्टी करा. कॅटकॉनच्या मागे लगेच फ्लेक्स घ्या, आतून इंटरलॉक (एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्यांचं अस्तर) असलेला. तो सरळ आणि सैल बसवायचा, ताणून किंवा वाकवून नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन मागेपुढे डुलतं, ते डुलणंही फ्लेक्सच पेलतो. हॅंगर सगळे रबरावर, एकही कडक जोड नको. आणि वजन हॅंगरवर पडायला हवं, टर्बोच्या फ्लॅंजवर नव्हे. तपासायचं असं: पुढचा क्लॅम्प सैल केल्यावर पाइप जागेवरच राहिला पाहिजे. खाली आला तर एक हॅंगर वाढवा.

पूर्ण एक्झॉस्ट तीन तुकड्यांत करा. मध्ये व्ही-बॅंड, मागे सायलेन्सरपाशी दुसरा. पुढे कधी सायलेन्सर बदलायचा झाला तर कापाकापी लागत नाही.

गाडीखाली फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे: प्रत्येक जोडाला तीन-चार. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प पाइपालाच लावा, टाकीच्या बाजूला ओलं गोणपाट आणि हाताशी अग्निशामक. पूर्ण वेल्डिंग टेबलावर.

पायरी ७: वेल्डिंग

काम वेल्डरचं, पण उभं राहून या गोष्टी बघा.

जोडाची टोकं इतकी नीट घासलेली हवीत की उजेडासमोर धरली तर फट दिसू नये. फट भरायला जास्त रॉड वितळवावा लागतो, नळी तापून वाकते.

पुसायला अ‍ॅसिटोन. ब्रेक क्लीनर नको. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असतं आणि वेल्डिंगच्या आर्कखाली त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

३०४एलला ईआर ३०८एल रॉड. मूळ लोखंडी फ्लॅंजला स्टेनलेस जोडायचा असेल तिथे ईआर ३०९एल. हा बदल बरेच जण विसरतात आणि तोच जोड आधी तडकतो.

थंड झाल्यावर रंग बघा. फिकट सोनेरी ते निळसर असेल तर उष्णता बेताची होती. राखाडी-काळा असेल तर जास्त तापवलंय. पहिला जोड उरलेल्या तुकड्यांवर करून, चिरून, आतून बघायला सांगा. मी तो तुकडा अजून जपून ठेवलाय, पहिल्या एक्झॉस्टच्या तुकड्याशेजारी.

लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा चाक स्टेनलेसला लावू देऊ नका. लोखंडाचे कण रुततात आणि दोन आठवड्यांत तांबडे ठिपके येतात. मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. शेवटी जोडांवर पिकलिंग पेस्ट (वेल्डिंगचा जळका थर काढणारी) लावून भरपूर पाण्याने धुवायचं. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, तेव्हा ते काम रबरी मोजे आणि चष्मा घालून, जाणकारानेच करावं.

पायरी ८: सायलेन्सर, आवाज आणि ते बारीक भोक

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. २,७०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ९०. नेमक्या याच टप्प्यात, हायवेवर स्थिर वेगाने जाताना, केबिनमध्ये डोकं धरणारा घुमारा भरतो. रिकामी ‘खेळण्यातली’ नळी लावणाऱ्यांना पहिल्या चोर्ला घाटातच हे कळतं. म्हणून मधे एक रेझोनेटर (घुमारा मारणारा छोटा डबा) आणि मागे पुरेसा मोठा सायलेन्सर, दोन्ही ठेवा. आतून सरळ, भोकं पाडलेली नळी आणि भोवती काचेची लोकर असलेला सायलेन्सर वायूला अडवत नाही. मात्र लोकर पाणी धरून ठेवते.

म्हणून सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक पाडा. गाडी सपाटीवर उभी असताना खालचा बिंदू कुठे येतो ते पाहूनच. माझ्या पहिल्या एक्झॉस्टला ते नव्हतं. आता सकाळी गाडी सुरू केल्यावर त्या भोकातून थेंब थेंब पाणी पडताना दिसतं, आणि मला फार बरं वाटतं.

पाइपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका. कोरड्या मुलखात ती चालत असेल. इथल्या हवेत ती ओली राहते आणि पाइपाला मिठाचा पट्टा बांधल्यासारखं होतं. उष्णता अडवायची तर पत्रा लावा.

पायरी ९: बसवणी आणि पहिली तपासणी

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की आटे एकमेकांत रुततात आणि पुढे तो कापूनच काढावा लागतो. निकेलची अँटी-सीझ लावा. पाइपावरचे तेलकट हातांचे ठसे पहिल्यांदा तापवण्याआधी पुसा, नाहीतर ते कायमचे भाजले जातात.

गळती शोधायला इंजिन थंड असताना मागच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तिथे गळती. सेन्सरजवळची गळती फार बारीक असली तरी सोडू नका. बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ समजतो आणि इंजिन जास्त पेट्रोल घालतं.

वीस मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, क्लॅम्प पुन्हा आवळा. असं तीन वेळा. मग पीयूसी करून घ्या. बीएस ४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या) पेट्रोल गाडीला आयडलवर (इंजिन सुरू, गाडी उभी) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भागांच्या) आत यायला हवं. कॅटकॉन जागेवर असेल तर हे आकडे सहज येतात. ती पावती, पाइपाचं बिल आणि फोटो गाडीच्या कागदांत एकत्र ठेवा.

पायरी १०: पावसाळ्यात

पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवा, म्हणजे मागचा सायलेन्सर पूर्ण तापून आतून सुकतो. रस्त्यावर मागचं तोंड बुडेल इतकं पाणी असेल तर गाडी घालूच नका. अडकून इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून बाहेर काढा. महिन्यातून एकदा त्या ३ मिमीच्या भोकात तार घालून चिखल काढा. ऑक्टोबरात गाडी वर घेऊन गोड्या पाण्याने खालचा भाग धुवा, रबरांना चिरा पडल्यात का बघा आणि जोडांवरून बोट फिरवा. फिक्या चहासारखा डाग दिसला तर तो वरवरचा असतो, स्टेनलेसच्या ब्रशने निघतो. खड्डा लागला तर त्याच आठवड्यात वेल्डरकडे जा.